टाकीच्या तळाची माती

"किती म्हणालास?"

"चार हजार. म्हणजे चारला थोडे कमी."

"मातीचे?"

"मातीचे."

आई माझ्याकडे असं बघत राहिली की पुढचं वाक्य मला ऐकूही यायची गरज नव्हती. आई राजापूरकडची. तिच्या लेखी माती ही पायाला लागते, पावसात वाहून जाते, चुलीला लिंपतात, आणि भांडणं लागतात ती जमिनीवरून, मातीवरून नाही. माती कोणी प्लास्टिकच्या पिशवीत भरून जपानहून पाठवतं आणि पुण्यातला एक शिकलेला मुलगा ती क्रेडिट कार्डावर घेतो, हे तिला पटवून देणं हे कुठल्याही क्लायंटला रिक्वायरमेंट समजावण्यापेक्षा अवघड आहे.

नमनाला घडाभर तेल नको, म्हणून थोडक्यात सांगतो. मला दोन फुटांची प्लँटेड टँक करायची आहे. म्हणजे झाडं मुख्य आणि मासे पाहुणे. यातलं बाकी सगळं पुढेमागे बदलता येतं. दिवा बदला, फिल्टर बदला, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावा नाहीतर काढून टाका. तळाची माती (दुकानदार आणि सगळे जाणकार तिला सबस्ट्रेट म्हणतात) मात्र एकदा घातली की घातली. ती बदलायची म्हणजे टाकी मोडायची. आमच्या धंद्यात डेटाबेसच्या स्कीमाचं असं असतं. प्रॉडक्शनला गेला की त्याला हात लावायला कोणी तयार नसतं, मग तो कितीही चुकीचा असो.

आणि माझा स्कीमा एकदा चुकलेला आहे. मागच्या वर्षी मी सोसायटीच्या माळीकाकांकडून बादलीभर माती घेतली होती. बागेत झाडं इतकी छान येतात, तर टाकीत का नाही येणार? माती कसदार हवी म्हणून काकांनी प्रेमाने त्यात दोन ओंजळी शेणखत मिसळून दिलं. वर वाळूचा थर, मग पाणी, मग झाडं, आणि चार दिवसांनी, धीर न धरवून, सहा निऑन टेट्रा. दहाव्या दिवशी सकाळी त्यातले चार तरंगत होते. पाचवा संध्याकाळी गेला. मी ऑफिसातून आलो तोवर आईने चहाच्या जुन्या गाळणीने ते काढून गॅलरीतल्या कुंडीत पुरून टाकले होते. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तेव्हा या वेळी आधी रूट कॉज अनॅलिसिस, मग खरेदी, असं ठरवलं. मुळापर्यंत जायचं म्हणून वाचत गेलो आणि थेट १८५० सालच्या लंडनमध्ये जाऊन पोचलो. तिथे एक बाप आणि एक मुलगा भेटले. त्यांच्यासाठीच हा लेख.

बापाचं नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. औषधविक्रेत्यांची जी जुनी संस्था लंडनमध्ये होती, तिच्या अपॉथेकरीज हॉलमध्ये हा रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरीला. मार्च १८५० मध्ये त्याने केमिकल सोसायटीपुढे एक छोटा निबंध वाचला. प्रयोग असा : बारा गॅलनचं काचेचं भांडं, तळाला वाळू, चिखल आणि दगडगोटे, दोन छोटे गोल्डफिश आणि वॅलिसनेरिया स्पायरॅलिस नावाच्या पाणवनस्पतीचं एक रोप. आपल्याकडे दुकानात 'वॅलिस' म्हणून जुडी बांधून मिळते, लांब रिबिनीसारखी पानं असलेली, तीच ही. रोपाची मुळं त्याने चिखलात खोचली आणि वर एक दगड ठेवला, तरंगून येऊ नये म्हणून.

त्याला बघायचं होतं ते वायूंचं गणित. मासे ऑक्सिजन घेणार आणि कार्बन डायऑक्साइड सोडणार, झाड उलट करणार, मग पाणी न बदलता हे चालेल का? चाललं. पण काही दिवसांनी जुनी पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवट थर आला. तेव्हा त्याने तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकं खाऊन टाकलं आणि भांडं पुन्हा स्वच्छ झालं. काचेच्या टाकीत एक छोटं जग तोलून धरता येतं, ही कल्पना तिथून पसरली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉसचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं, आणि पुढची काही वर्षं इंग्लंडमधल्या दिवाणखान्यांना या खुळाने झपाटलं. त्याआधी १८४५ मध्ये काचेवरचा कर रद्द झाला होता, त्याचाही यात हात आहेच.

वॉरिंग्टनचा निबंध वाचताना मला खटकलं ते हे, की चिखलाबद्दल तो फारसं काही म्हणतच नाही. मासे, झाड, गोगलगायी, तीन पात्रं, आणि चिखल म्हणजे नेपथ्य. मुळं खोचायला जागा, बस. आणि पुढची शंभरेक वर्षं बहुतेक लोकांनी तेच धरून ठेवलं : पाण्यातली झाडं पानांनी खातात, मुळं फक्त नांगरासारखी.

गंमत म्हणजे माती काय करते हे त्याच वर्षी, त्याच देशात, दुसऱ्याच लोकांच्या लक्षात आलं होतं. यॉर्कशायरमधला एच. एस. थॉम्पसन नावाचा जमीनदार १८४५ पासून एक साधा उद्योग करत होता. मातीच्या थरातून अमोनियाच्या क्षाराचं पाणी ओतायचं आणि खाली काय गळतं ते बघायचं. अमोनिया मातीत अडकून राहिला आणि खाली आलं ते जिप्सम, म्हणजे कॅल्शियमचा क्षार. रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीचा रसायनतज्ज्ञ जॉन थॉमस वे याने याच्यावर कसून काम केलं आणि १८५० मध्ये ते प्रसिद्ध केलं. मातीच्या बारीक कणांवर खुंट्या असतात असं समजा. एका खुंटीवर कॅल्शियमचा सदरा टांगलेला आहे. अमोनिया आला की तो कॅल्शियमला काढून स्वतः तिथे लटकतो. मुळांना गरज लागली की तीही तेच करतात, आपलं काहीतरी खुंटीला अडकवतात आणि हवं ते काढून घेतात. ज्या मातीत खुंट्या जास्त, ती माती धरून ठेवणारी. आज दुकानातल्या पिशवीवर सीईसी म्हणून जे छापतात ते म्हणजे या खुंट्यांची मोजदाद.

आता मुलगा. त्याचंही नाव रॉबर्ट वॉरिंग्टनच (इंग्रजांना नावं ठेवायचा कंटाळा). जन्म १८३८ चा, म्हणजे बापाने तो निबंध वाचला तेव्हा हा बाराएक वर्षांचा. अपॉथेकरीज हॉलमध्येच वाढला, बापाच्या प्रयोगशाळेतच रसायन शिकला. ते भांडं, ते गोल्डफिश, त्या गोगलगायी याने रोज बघितल्या असणार असं मला वाटतं. कुठल्याही बारा वर्षांच्या मुलाला भांड्यातले मासे सोडून दुसरीकडे बघता येत नाही. मोठा झाल्यावर तो शेतीकडे वळला आणि १८७६ पासून रॉदॅमस्टेडला, लॉज आणि गिल्बर्ट यांच्या प्रसिद्ध शेती प्रयोग केंद्रात काम करू लागला.

त्याला छळणारा प्रश्न असा होता : शेतात टाकलेल्या खतातला अमोनिया थोड्या दिवसांत नायट्रेट होतो. हे कोण करतं? १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी दाखवलं होतं की हे नुसतं रसायन नाही, काहीतरी जिवंत आहे. क्लोरोफॉर्मची वाफ सोडली की काम थांबतं. धाकट्या वॉरिंग्टनने पुढची दहा-बारा वर्षं बाटल्या भरभरून हेच पाहिलं आणि त्याला दिसलं की काम दोन पाळ्यांत चालतं. एक प्रकारचे जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. ते तिथेच थांबतात. दुसरे येऊन त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे दोघे वेगळे आहेत एवढं त्याने सिद्ध केलं, पण त्यांना एकेकटं काढून वाढवणं त्याला जमलं नाही. ते १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्कीने केलं आणि नाव बहुतेक त्याचंच झालं.

हे वाचून मी खुर्चीतून उठलो आणि गॅलरीतल्या त्या कुंडीकडे जाऊन आलो. खरंच. कारण माझे मासे याच दोन पाळ्यांच्या मधल्या फटीत मेले होते. शेणखतातून अमोनिया पाण्यात आला. पहिल्या पाळीचे जीवाणू अजून पुरेसे वाढले नव्हते, दुसऱ्या पाळीचे तर त्याहून कमी. वर आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतात, बोअरवेलचं जड, अल्कधर्मी पाणी. पाणी जितकं अल्कधर्मी, तितका अमोनिया जास्त विषारी. माळीकाकांचा काही दोष नाही, शेणखताचाही नाही. घाई माझी होती. बापाने जी टाकी बनवली तिच्यात मासे का मरतात, हे मुलाने शेतातली माती तपासता तपासता शोधून ठेवलं होतं, आणि मी कीटचे रंग बघायचा कंटाळा केला.

असो. पुढे जाऊ.

मुळं म्हणजे नुसता नांगर नव्हे, हे पाण्यातल्या झाडांबाबत नीट तपासलं ते अमेरिकेत रेमंड पाँड याने. (तळ्यातल्या झाडांवर काम करणाऱ्याचं आडनाव पाँड. मी बनवत नाहीये.) लेक एरीच्या काठी त्याने वॅलिसनेरिया आणि इतर काही झाडं तीन प्रकारे वाढवली : चांगल्या मातीत रोवून, धुतलेल्या वाळूत रोवून, आणि नुसती पाण्यात लटकवून. पाणी सगळ्यांना तेच. मातीतली जोमाने वाढली, बाकीची रडत राहिली. हा अहवाल १९०५ मध्ये छापून आला. सरकारी मत्स्य खात्याचा अहवाल तो, टाकीवाल्यांपैकी किती जणांनी वाचला असेल देव जाणे. १९८० मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या कारिन्यान आणि काल्फ यांनी किरणोत्सारी फॉस्फरस मातीत घालून तळ्यातल्या नऊ जातींच्या झाडांचा माग काढला. पाणी बेताचं समृद्ध असताना झाडं जवळजवळ सगळा फॉस्फरस मातीतूनच घेत होती. आणि पाण्यात फॉस्फरसची अक्षरशः रेलचेल असतानासुद्धा सरासरी ७२ टक्के मातीतून. म्हणजे ताट समोर वाढलेलं असताना ही मंडळी तळघरातल्या कणगीतूनच खात होती.

तरीही टाकीच्या जगात माती मागे पडली, त्याला कारण होतं. १९५० च्या दशकापासून अंडरग्रॅव्हल फिल्टर आला. तळाला जाळीची प्लेट, वर धुतलेली खडी, हवेच्या पंपाने पाणी खडीतून खाली खेचायचं. धाकट्या वॉरिंग्टनचे दोन्ही पाळ्यांचे जीवाणू खडीवर मुक्कामाला येतात आणि मासे मजेत जगतात. मासेवाल्यांसाठी फार छान युक्ती. पण यात माती घातली तर जाळी चोंदणार. त्यामुळे 'माती म्हणजे घाण' हे डोक्यात पक्कं बसलं. माझ्या लहानपणी शेजारच्या काकांच्या टाकीत निळी खडी, बुडबुडे सोडणारा पाणबुड्या आणि एक प्लास्टिकचं झाड होतं. त्या खडीत खरं झाड टाकलं असतं तर ते उपाशी मेलं असतं.

माती टिकवली ती डच लोकांनी. त्यांची एक्वेरियमवाल्यांची संघटना १९३० पासूनची, आणि त्यांच्या टाक्या म्हणजे पाण्याखालचा वाफा. वाळूखाली चिकणमाती, पीट, असलं काहीबाही घालायचे. मग १९८० च्या दशकात जर्मनीत कास्पार हॉर्स्ट आणि हॉर्स्ट किपर या दोघांनी एक नवीनच गोष्ट काढली. हे दोघे आग्नेय आशियात आणि श्रीलंकेत ओढ्यानाल्यांतून हिंडले होते, क्रिप्टोकोरिन जातीची झाडं जिथे दाटीने वाढतात त्या जागा बघत. त्यांचं निरीक्षण असं की अशा ठिकाणी तळाची माती लाल, लोहयुक्त असते आणि तिच्यातून पाणी हळूहळू वर झिरपत असतं. परत येऊन त्यांनी टाकीच्या तळाला तशीच लाल माती घालायला सुरुवात केली आणि पाणी हळू फिरावं म्हणून तळात विजेची तार पसरून ते कोमट ठेवायची सोय केली. १९८६ मध्ये त्यांचं पुस्तक इंग्रजीत आलं आणि ती लाल माती डब्यांत भरून जगभर विकली जाऊ लागली. डब्यावर लिहिलेलं असे : लॅटराइट.

इथे मी वाचायचा थांबलो. कारण लॅटराइट म्हणजे काय, हे आम्हा कोकणातल्या आजोळवाल्यांना शब्दकोशात बघावं लागत नाही. लॅटराइट म्हणजे जांभा.

या शब्दाचा जन्मसुद्धा आपल्याच किनाऱ्यावरचा. टिपू पडल्यावर कंपनी सरकारने १८०० साली फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या डॉक्टरला मद्रासहून म्हैसूर, कानडा आणि मलबारची पाहणी करायला धाडलं. मलबारात अंगडिपुरमला त्याने बघितलं की लोक जमिनीतून हा लाल, भोकाभोकांचा दगड लोखंडी हत्याराने विटांसारखा कापून काढतात. जमिनीत असताना मऊ, हवा लागली की कडक. लॅटिनमध्ये 'लाटर' म्हणजे वीट, त्यावरून १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने त्याला लॅटराइट म्हटलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने अंगडिपुरमला १९७९ मध्ये त्याचं स्मारकही उभारलंय. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा दगड इंग्रजाने लॅटिनमध्ये बारसं करून नेला, जर्मनांनी डब्यात भरला आणि आता पुण्यातला मुलगा तो ऑनलाइन शोधतो.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "आणि आपल्या घराचे चिरे आपण विकले."

आजोळचं घर जांभ्याचं होतं. मामांच्या वाटण्या झाल्या, घरात राहायला कोणी उरलं नाही, दोन पावसाळे गळलं, आणि शेवटी ते उतरवलं. चांगले चिरे एका माणसाने नेले. आम्ही शेवटचं गेलो तेव्हा जोत्याच्या जागी फुटके तुकडे आणि लाल भुगा राहिला होता. मी त्यातला थोडा पिशवीत भरून आणला होता, का ते मलाही माहीत नव्हतं. ती पिशवी माळ्यावर सूटकेसमागे होती.

आता इथे मला वाटलं, जमलं! जर्मन डबा घरातच आहे, चार हजार वाचले, आणि वर देशाभिमान फुकट. पण थोडं अजून वाचलं आणि हवा गेली. जांभा श्रीमंत नाहीच. लाखो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातलं कॅल्शियम, पोटॅशियम, जे जे धुऊन जाण्यासारखं ते सगळं धुऊन नेल्यावर जे उरलं तो जांभा : लोखंड, अ‍ॅल्युमिनियम आणि फारशा खुंट्या नसलेली केओलिनची माती. वर फॉस्फेटला धरून बसणारा, सहजी न सोडणारा. कासच्या पठारावर जाऊन आला असाल तर आठवा. ते पठार याच जांभ्याचं आहे. तिथे 'सीतेची आसवं' म्हणून जी निळीजांभळी फुलं आपण फोटोत घेतो, ते झाड जमिनीतल्या ओलीत पिशव्यांचे सापळे लावून सूक्ष्म किडे खातं. दवबिंदू नावाचं झाड तर उघडउघड चिकट केसांवर किडे पकडतं. मातीत जेवण मिळत नाही म्हणून झाडांनी शिकार सुरू केली, इतकी ती माती गरीब. (तिथलेच गेंद ज्या कुळातले त्या एरिओकॉलॉनच्या काही जाती टाकीवाल्यांमध्ये केवढा भाव खातात! पण कासवरून उपटून आणायचा विचारही करू नका. ते पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे, आणि नसतं तरी.)

मग जर्मनांना त्यात दिसलं काय? लोखंड, आणि त्याचं वागणं. उघड्यावर लोखंड म्हणजे गंज, पाण्यात विरघळत नाही, झाडाला निरुपयोगी. पण टाकीच्या तळाशी, वाळूच्या थराखाली, ऑक्सिजन संपतो. तिथले जीवाणू ऑक्सिजनऐवजी गंजातल्या लोखंडावर भागवतात आणि त्या प्रक्रियेत लोखंड विरघळतं. गंजाला बिलगलेलं फॉस्फेटही तेव्हाच सुटतं. क्लिफर्ड मॉर्टिमरने १९४१-४२ मध्ये इंग्लंडमधल्या तळ्यांच्या गाळावर हेच दाखवलं होतं : गाळाचा वरचा पातळ थर हवेशीर असला तर फॉस्फेट कुलपात, हवा संपली की कुलूप उघडं. वरचा थर आहे तोवर पाण्यात शेवाळ माजत नाही आणि खाली मुळांचं जेवण चालू राहतं. झाडं मुळांतून थोडा ऑक्सिजन खाली सोडतात, त्यामुळे मुळांवर तांबूस गंज चढतो. हे आईला सांगितल्यावर ती लगेच म्हणाली, "भाताच्या मुळांना असतो तसा?" हो, तस्साच. पाणी भरलेलं भाताचं खाचर आणि प्लँटेड टँक यात तत्त्वतः फरक नाही. मी इतके दिवस वाचून जिथे पोचलो तिथे ती लावणीच्या चिखलात उभी राहून लहानपणीच पोचली होती.

तर जांभा म्हणजे तिखट-मीठ, जेवण नाही. जेवणाचं काय?

इथे दोन घराणी आहेत. एक तकाशी अमानो यांचं. हा माणूस आधी व्यावसायिक सायकलपटू, मग निसर्ग-छायाचित्रकार. १९८२ मध्ये त्याने आपली कंपनी काढली, आणि १९९० च्या दशकात त्याच्या टाक्यांचे फोटो पुस्तकांतून बाहेर आले तेव्हा लोकांना कळेना की हे डोंगर आहेत की मत्स्यालय. अमानो २०१५ मध्ये गेला. त्याच वर्षी लिस्बनमध्ये त्याने चाळीस मीटर लांबीची टाकी पूर्ण केली होती. त्याच्या कंपनीची ती प्रसिद्ध माती म्हणजे जपानमधली काळी, सेंद्रिय माती भाजून केलेल्या गोळ्या. भरपूर खुंट्या, पाणी मऊ आणि किंचित आम्ल करण्याची ताकद. माझ्या चार हजारांतलं हेच ते. दुसरं घराणं अमेरिकेतल्या डायना वॉलस्टड यांचं. त्यांचं १९९९ चं पुस्तक सांगतं की कुंडीतली साधी माती इंचभर घाला, वर तेवढीच खडी, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही नको, मातीतलं सेंद्रिय कुजताना तो आपोआप मिळतो.

मला स्वतःला अमानोच्या टाक्या बघताना श्वास रोखायला होतं, पण पैसे बाजूला ठेवले तरी ती माती माझ्यासाठी नाही. कारण पुन्हा टँकरचं पाणी. त्या मातीच्या खुंट्या पाणी मऊ करतात म्हणजे काय, तर पाण्यातलं कॅल्शियम ओढून घेतात. आमच्या पाण्यात ते इतकं आहे की उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत खुंट्या भरून जायच्या आणि चार हजारांची माती निव्वळ महाग खडी होऊन बसायची. शिवाय नवी असताना तीही अमोनिया सोडतेच. पहिले काही आठवडे वरचेवर पाणी बदलावं लागतं. घाई जपानी मातीलाही चालत नाही.

म्हणून पुन्हा माळीकाकांकडे गेलो. या वेळी खताविना माती मागितली. ते जरा नाराज झाले, "साहेब, नुसत्या मातीत काय येणार?" ती चाळली, गच्चीवर घमेल्यात पाणी घालून भिजवली, तरंगलेला काडीकचरा काढला, उन्हात वाळवली. पुन्हा भिजवली, पुन्हा वाळवली. चार वेळा. महिना गेला. यात मी काहीच करत नव्हतो, काम धाकट्या वॉरिंग्टनचे दोन पाळ्यांचे कामगार करत होते. मासे नसलेल्या ठिकाणी, त्यांच्या वेगाने. पहिल्या दिवशी घमेल्याला गोठ्यासारखा वास होता. शेवटी पहिल्या पावसानंतर येतो तसा येऊ लागला.

माळ्यावरची पिशवी काढली. जांभ्याचा भुगा आईने खलबत्त्यात आणखी बारीक करून दिला (वाटणाच्या नव्हे, जुन्या, औषधाच्या खलात). दहा भाग मातीला एक भाग. हे मिश्रण इंचभर, कडेच्या काचेपासून थोडं आत, आणि वर दोन-तीन मिलिमीटरची धुतलेली वाळू दीड इंच. मातीचा थर मुद्दाम पातळ ठेवला. जास्त जाड केला तर आतलं सगळंच सडतं, मुळं काळी पडतात आणि काडी खुपसली की सडक्या अंड्यांचा वास येतो. सगळं मिळून खर्च किती? वाळूचे तीनशे आणि काकांना दिलेले शंभर.

आज सहावा आठवडा. अमोनियाच्या कीटची नळी गेले दोन शनिवार पिवळी आहे, म्हणजे शून्य. नायट्राइटही नाही. मासे अजून आणलेले नाहीत. आईने दोनदा विचारलं, मी म्हटलं पुढच्या महिन्यात. सध्या फक्त झाडं आहेत, आणि पाच गोगलगायी, ज्या मी आणल्या नव्हत्या, झाडांबरोबर आल्या. कोपऱ्यात वॅलिस लावली आहे. लावली त्या रात्री ती दोनदा तरंगून वर आली. तिसऱ्यांदा आईने पिशवीच्या तळाशी उरलेला जांभ्याचा एक ओबडधोबड तुकडा आणला, बाह्या वर केल्या, टाकीत कोपरापर्यंत हात घातला आणि तो मुळांवर ठेवून दिला. आता तिला बाजूला दोन नवीन फुटवे आलेत, त्यातला एक वाळूखालून येऊन चार बोटं पलीकडे निघालाय.